सात वाजून बारा मिनिटांची नोंद

शहापूर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. अनिता वहिनी आणि मुलं बरी आहेत असं धरते. तुझा जुना नंबर लागत नाही. नाशिकचा हा पत्ता वहिनीच्या आटगावच्या माहेरून घेतला. घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवारी, १० तारखेला, सकाळी नवाच्या सुमारास बाबा मोरीत पडले. उजवा खुबा मोडला.
२. त्यांना उठता आलं नाही. वाडीतली सगळी माणसं भातकापणीला गेली होती. आपलं घर सुटं, त्यामुळे हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत.
३. बुधवारी दुपारी बारा वाजता बुधूकाका विळा परत द्यायला आला. त्याला कण्हणं ऐकू आलं. पुढचं दार आतून बंद होतं. तो मागच्या दाराची कडी तोडून आत गेला.
४. संध्याकाळी कल्याणच्या दवाखान्यात दाखल केलं. शनिवारी ऑपरेशन झालं.
५. तब्येत स्थिर आहे. येत्या शनिवारी, २९ तारखेला, घरी सोडणार आहेत.

म्हणजे बाबा एक्कावन्न तास मोरीत होते.

तू विचारशील, भिंतीवरच्या त्या डबीचं काय झालं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तू त्यांना नाशिकला न्यायला आलास, तेव्हा मी त्याच डबीच्या जोरावर नको म्हटलं होतं. मला शहापुरात बसून सगळं कळतं, असं मी म्हणाले होते. तू म्हणालास, "बापाला काय लाइटच्या मीटरसारखं वाचणार तू?" आणि जेवणावरून उठलास. त्यानंतर आपण बोललो नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एकट्या राहणाऱ्या त्रेसष्ट म्हाताऱ्या माणसांच्या घरी आमच्या संस्थेने अशा डब्या बसवल्या आहेत. दाराशेजारी भिंतीवर, छातीच्या उंचीवर. दोन बटणं. सकाळी आठच्या आत हिरवं दाबायचं, म्हणजे मी बरा आहे. लाल दाबलं की मदत पाठवा. हिरवं आलं नाही तर आम्ही फोन करतो, फोन उचलला नाही तर गावचा पोलीस पाटील घरी जाऊन बघतो. यंत्रणा साधी आहे आणि चालते.

बाबा हिरवं दाबायला विसरायचे. ऑगस्टमध्ये महादू पाटलाला पाच वेळा जावं लागलं. पाचव्यांदा त्याने मला फोन केला. "तुझा बाप वटीवर बसून तंबाखू मळतोय, आनि मी चिखल तुडवत येतोय. येवडी काळजी हाय तर तूच येऊन बस ना."

मी जाऊन बसले नाही. त्या दिवशी मी आमच्या संगणकात एक ओळ लिहिली. सात पंचावन्नपर्यंत हिरवं आलं नाही, तर ते आलं असं धरावं. बाबांच्या घरासाठी, आणि अशाच विसराळू आणखी चार घरांसाठी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुला पहिल्यांदा सांगते आहे.

बुधवारी दवाखान्याच्या बाकावर बसून मी नोंदी उघडल्या. मंगळवार आणि बुधवार, दोन्ही दिवशी सात पंचावन्नची नोंद असणार, हे मला माहीत होतं. ती नव्हती. मंगळवारी सात वाजून बारा मिनिटं. बुधवारी सात वाजून नऊ. म्हणजे माझी ओळ चाललीच नाही, चालायची गरजच पडली नाही. बटण दाबलं गेलं होतं.

डबी मी काढून आणली. दहा दिवस टेबलावर चालू ठेवली आहे. आपोआप एकदाही नोंद आलेली नाही. तिच्यात दोष नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले. मी विचारलं, "बाबा, घरात कोणी आलं होतं का?"

ते म्हणाले, "आसं काय इचारतेस? तूच व्हतीस ना."

"मी नव्हते, बाबा. मी शहापुरात होते."

"सकाळची यायचीस. मोरीच्या दारातून दिसायचीस मला. मी बोललो, लाल दाब गो. तू हिरवाच दाबलास. दुसऱ्या दिवशी पन हिरवाच. पानी मागितला, तर वलून पन नाय बगितलास."

शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाई हसून म्हणाल्या, "औषधाची गुंगी आहे हो." मीही तसंच धरलं.

शुक्रवारी मी त्या चार घरी गेले. ती ओळ आधीच काढून टाकली होती. प्रत्येकाला समोर बसून सांगायचं होतं की यापुढे बटण स्वतः दाबा. शेवटचं घर किन्हवलीच्या सकुबाईंचं. वय एक्क्याऐंशी. बोलायला अगदी ठणठणीत.

"परत आलीस?" त्या म्हणाल्या. "सकालीच आलीवतीस ना. मी बोलले च्या घे, तर बटन दाबलास न चालती झालीस. येवडी कसली घाई गो तुमा पोरींना?"

सकाळी मी कल्याणला होते. सात वाजून चौदा मिनिटांची हिरवी नोंद होती.

काल संस्थेच्या सरांना सगळं लेखी दिलं, ओळीसकट. त्यांनी नोंदी चाळल्या. म्हणाले, "तू काढून आणलेली डबी सोडली, तर तुझ्या भागात महिनाभरात एकाही घराची हिरवी नोंद चुकलेली नाही. तू दमली आहेस. रजा घे." चारही गावच्या पाटलांना मी स्वतः फोन केले. नोंद काहीही सांगो, रोज घरात जाऊन माणूस बघा, असं सांगितलं.

दादा, मला याचं कारण सापडलेलं नाही. सापडलं असतं तर हे पत्र लहान झालं असतं.

बाबा माझ्यावर रागावलेले नाहीत, हे जास्त अवघड आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोरगी दोन दिवस माझ्यापाशी व्हती. पण मी एकटी असले की पाणी माझ्याकडे मागत नाहीत. शेजारच्या बाईंना हाक मारतात. परवा मी त्यांची उशी सारखी करायला वाकले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हळूच विचारलं, "आता कोन हायस तू?" मी माझं नाव सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

शनिवारी त्यांना त्या घरात घेऊन जाणं आणि तिथे त्यांच्याबरोबर राहणं हे माझं काम आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या माणसाला मला बघून भीती वाटते, त्याला मी कशी सांभाळू? आणि सकाळी सातच्या पुढे त्या घरात मी नक्की कुठे असेन, हे आता मी खात्रीने सांगू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू त्यांना नेतो म्हणालास आणि मी नको म्हटलं. माझं चुकलं. आता तू त्यांना ने. औषधांची यादी, कागदपत्रं, गाडी, सगळं मी तयार ठेवते. तुला फक्त दवाखान्यात येऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे.

पत्र उद्या स्पीड पोस्टने टाकते आहे, मंगळवार-बुधवारपर्यंत पोचेल. माझा नंबर तोच आहे. येणार की नाही, ते गुरुवारी, २७ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत कळव. नाही असेल तरी कळव.

तुझी,
समीक्षा