तिसऱ्या पीसमधल्या बत्तीस मात्रा

आदिलाबाद,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. कापूस बाजारात यायला लागलाय, त्यामुळे गाड्यांची रांग सकाळीच आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि चहा प्यायला बाहेर पडायची सोय राहत नाही. माझा गुडघा आहे तसाच आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू 'ठेवते बाबा' म्हणून मोकळी होतेस. पत्रात कितीही ओरडलो तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

बंडू परवा नागपूरहून आला. सव्वीस वर्षं आपल्या बँडचा मोठा ढोल गळ्यात अडकवून चाललेला माणूस, तू माझ्या वहीतले पीस वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेस तो कार्यक्रम ऐकायला स्वतःहून गेला. येताना कार्यक्रमाचं छापील माहितीपुस्तक घेऊन आला. हातात देताना म्हणाला, "मास्तर, पोरीनं तुमचं नाव लय मोठं छापलं. पन खाली काय लिवलं ते आत्ता वाचू नका, पयले जेवून घ्या."

मी जेवलो नाही. आधी वाचलं. मग जेवण गेलंच नाही.

'रचना आणि त्यामागची प्रेरणा.' काय प्रेरणा, काय प्रेरणा! पहिल्या पीसखाली तू लिहिलंस की कुंतालाच्या धबधब्याचा घनगंभीर नाद ऐकून रचनाकाराला हे संगीत स्फुरलं. अगं, मी कुंतालाला आयुष्यात एकदा गेलोय. तोही एका सहलीबरोबर, आणि त्या दिवशी मला अपचन झालं होतं. तो पीस कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या भोंग्यांचा आहे! स्टेशनकडच्या दोन जिनिंगचे भोंगे एकाच वेळी व्हायला हवे होते, पण एकाचं घड्याळ मागं. पहिल्याचा सूर खाली उतरायला लागला की दुसऱ्याचा वर चढायचा. दोन्ही सूर एकमेकांना असे खेटून की कान दुखावा. मी त्यातून क्लॅरिनेट आणि जाड्या पितळी युफोनियमची जागा काढली. पाण्याचा एक थेंब नाही त्यात. कापसाची धूळ आहे.

दुसऱ्याखाली 'मानव आणि निसर्ग यांचा संवाद'. मानव खरा, निसर्ग कुठला? वरात रेल्वे फाटकातून जात होती. अर्धा बँड पलीकडे गेला आणि फाटक पडलं. नवरदेव घोड्यावर अलीकडे, वऱ्हाडी पलीकडे, मधून मालगाडी. फाटकवाला तेलुगूत ओरडतोय, नवरदेवाचा मामा हिंदीत, आणि मी इकडून एक ओळ वाजवतोय, तिकडून आपले ट्रंपेटवाले पुढची ओळ देतायत, कारण बाजा थांबला तर वऱ्हाडी भांडायला लागले असते. गाडी जाईपर्यंत आम्ही एकमेकांना न बघता वाजवलं. म्हणून त्यात दोन गट आहेत. म्हणूनच मी वहीत लिहिलं होतं की दोन्ही गटांनी लांब बसावं. तू त्यांना शेजारी बसवलंस, असं बंडू सांगतो.

तुला लाज वाटते का आपल्या बँडची? स्पष्ट विचारतो. शिकलेल्या लोकांसमोर जिनिंग, फाटक, वरात सांगायला जीभ अडखळते, म्हणून धबधबे आणि जंगलं? मी चाळीस वर्षं लोकांच्या लग्नात झालर लावलेला लाल कोट घालून चाललो. माझ्या सुरांना अंगावर घ्यायला उधार शाल नको आहे.

खुर्च्यांवर बसलेली चाळीस माणसं माझं वाजवतात, कोणी मध्येच 'मास्टर, नागिन लगाओ' म्हणत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणशील की बाबांना चांगलं दिसतच नाही.

आता तिसरा पीस. खरं भांडण त्याचंच आहे.

तू बंडूच्या फोनवर पाठवलेला मेसेज त्यानं वाचून दाखवला. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात तिसऱ्या पीसमधल्या बत्तीस रिकाम्या मात्रांत तू बासरी घालणार आहेस. का, तर लोकांना पीस संपला असं वाटतं आणि ते टाळ्या वाजवतात. आणि त्याखाली छापलंस 'सातपुड्याच्या अरण्यातली नीरव शांतता'.

नाही. बासरी घालायची नाही. काहीच घालायचं नाही. माझ्या वहीत त्या बत्तीस मात्रांवर मी काट मारलेली नाही, आकडे लिहिलेत, एक ते बत्तीस. रिकामी जागा असती तर आकडे कशाला लिहिले असते?

तू बँडवाल्याची पोर आहेस, तुला रीत सांगायला नको. तरी सांगतो. वरात दुःखाच्या घरासमोरून जात असेल तर बाजा बंद. मास्तर क्लॅरिनेट ओठावरून काढून छातीशी धरतो, ते बघून सगळे थांबतात, ढोलसुद्धा. नाचणारे आपसूक थांबतात. घराची हद्द संपेपर्यंत नुसती पावलं. मराठी बँड असो, तेलुगू असो, आदिलाबादेत ही रीत सगळे पाळतात. एका मात्रेला एक पाऊल. एका घराला बत्तीस पावलं लागली, म्हणून बत्तीस मात्रा. झालं. एवढंच आहे ते.

एवढंच नाही. बंडूनं हे पत्र इथपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून म्हणाला, "मास्तर, कोनाच्या घरासमोरची पावलं ते काऊन नाही लिवून राह्यले?"

लिहितो.

एप्रिल २००६. तुझी आई सकाळी सहा वाजता दवाखान्यातच वारली, आठला आपण तिला घरी आणलं. तुझा मामा वणीहून यायचा होता, म्हणून तिला न्यायला दुपारी चारपर्यंत थांबायचं ठरलं. आणि साडेदहाला आपल्या बँडला एक वरात होती. मी लाल कोट घालून बाहेर पडलो. तू चौदा वर्षांची होतीस. त्यानंतर माझ्याशी धड कधीच बोलली नाहीस. दहावी झाल्यावर मावशीकडे नागपूरला गेलीस ती गेलीसच.

मी सगळ्यांना सांगितलं की शब्द दिला होता. लग्नघर अडचणीत आलं असतं. अठरा वर्षं हेच सांगतोय, आणि लोक मान हलवून म्हणतात, मास्तर शब्दाचा पक्का.

खोटं आहे ते. दुसऱ्या बँडचे दादाजी मास्तर सकाळी नऊलाच आपल्या दारात आले होते. म्हणाले, "सुदाकर, तू वहिनीपाशी बस. वरात मी काढतो, तुह्या नावानं काढतो." त्यांची माणसं कोपऱ्यावर तयार उभी होती. मी नको म्हटलं. त्यांच्यावर ओरडलो, माझी वरात पळवायला आलात म्हणून. भल्या माणसाला असं बोललो.

मला तिच्यापाशी बसवत नव्हतं, उत्कर्षा. तिचं तोंड झाकलं नव्हतं अजून. बायका मला बघत होत्या आणि मी काय करायचं हे मला कळत नव्हतं. कोट घातला की काय करायचं ते कळतं. मी पळून गेलो. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या शुभकार्यात सगळ्यांत पुढे चालला, आणि लग्नघरात कोणाला कळू दिलं नाही.

पण वरातीचा रस्ता आपल्याच गल्लीतून होता. घर आलं तसं मी क्लॅरिनेट खाली घेतलं. नवरदेवाकडच्यांना वाटलं, कोणाचं तरी घर असेल. बंडूला माहीत होतं. बत्तीस पावलं मी समोर बघून चाललो. तू दारात उभी होतीस, हे मला दिसलं. मला दिसलं नाही असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे. अकराव्या पावलाला दिसलीस. मी मान वळवली नाही. तेहतिसाव्या पावलाला पुन्हा वाजवायला सुरुवात केली, आणि चांगलं वाजवलं. त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.

पुढच्या वर्षी हा पीस लिहिला. आपल्या बँडनं तो कधी वाजवला नाही. वरातीत वाजवायचा तो नव्हेच.

आता इतका वेळ तुला शिव्या दिल्या, तर एक विचारतो. तू दारात होतीस. आमची पावलं तू ऐकलीस. वही उघडून बत्तीस आकडे बघितल्यावर तुला कळलं नाही? अरण्य कुठून आणलंस? मी शब्दाचा पक्का म्हणून लपलो, तू झाडांमागं लपलीस. बंडू अजून एक गोष्ट सांगतो, ती मला आधी खरी वाटली नव्हती. म्हणतो, टाळ्या आल्याच नाहीत. "कोनीच टाळी नाही वाजवली मास्तर, हालमधी चिडीचूप होतं. पोरीनंच अठराव्या मात्रेला बँड पुन्हा चालू केला." म्हणजे लोकांचा काही दोष नाही. तुलाच तिथे उभं राहवत नाही.

मग बासरी घालून काय होईल? मीही तेच केलं होतं, सुरांनी झाकलं. त्यानं झाकलं जात नाही, हे तुला माझ्याएवढं कोणी सांगणार नाही.

त्या पुस्तकातलं जंगल खोड आणि त्या जागी हे छाप. एक शब्द बदलू नकोस, शुद्धलेखन तेवढं बघ:

'रचनाकाराची पत्नी कुसुम ज्या दिवशी वारली, त्या दिवशी तो दुसऱ्याच्या वरातीत वाजवत होता. वरात त्याच्या घरासमोरून गेली तेव्हा बाजा बत्तीस पावलं बंद होता. त्याची मुलगी दारात उभी होती. तो थांबला नाही.'

हे छापायचं नसेल तर पीस वाजवू नकोस, वही परत पाठव. छापलंस तर पहिल्या रांगेत एक खुर्ची माझ्यासाठी ठेव. बंडू मला गाडीत बसवून आणेल. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. बत्तीस मात्रा होईपर्यंत हात खाली घे, माझ्याकडे वळ आणि बघ. मी तुझ्याकडेच बघत असेन.

दाराशी न थांबलेला,
तुझा बाबा