शेजारचा लॉकर

प्रिय एमेट,

कॉलेज फुटबॉलची कॉन्फरन्स स्पर्धा जिंकल्याच्या अंगठ्या आल्यात. आपल्या संघात अंगठी स्वतः घालत नाहीत. शेजारच्या लॉकरवाल्याने घालायची असते. म्हणजे उद्या कुबड्या सांभाळत तूच माझ्या बोटात घालणार.

न्यू ऑर्लिन्सच्या मोसमअखेरच्या बाउल सामन्याआधी माझी मांडी आखडली होती, ते खोटं. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ खेळाडू निवडतात, तोवर दुखापत नको म्हणून एजंटने सुचवलं आणि मी ऐकलं. काहीजण तसं उघड सांगून बाहेर बसतात. माझी तेवढीही छाती झाली नाही.

तू चेंडू फेकायला मागे सरलास की तुझी पाठ राखायची, हे चार वर्षं माझं काम. त्या दिवशी तिथे नवखा ब्रायसन होता आणि तुझा गुडघा गेला. सगळे त्यालाच दोष देतात. मी ऐकून घेतो.

दवाखान्यात तुझी आई म्हणाली, "तू असतास तर माझ्या पोराला कुणी हात लावला नसता."

तू मात्र ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या विचारलंस, "वेंडेल, मांडी बरी आहे ना रे?"

हे पत्र माझ्याच लॉकरमध्ये राहील. उद्या तू पुन्हा विचारशील. आणि मी म्हणेन, आता बरी आहे.

तुझ्या शेजारच्या लॉकरचा,
वेंडेल