दुर्वाचे हात

सुचित्राताई,

परवा वर्गाच्या दारात तुम्ही म्हणालात, "बाई, रॉकेलने घासले हो तिचे हात. गणपतीच्या कारखान्यातला ऑइलपेंट असा निघत नाही." मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

तो नियम माझ्या गिरगावातल्या कॉन्व्हेंटचा. सिस्टर हात उलटसुलट करून बघायच्या, मगच पुस्तक द्यायच्या. मला ते फार आवडायचं, कारण माझे हात नेहमी स्वच्छ असायचे. या वयात लालबागला शिकवायला आले, घरोघर फिरून वर्गासाठी पुस्तकं जमवली, आणि दुर्वाला "हात पुढे कर" म्हणून दोनदा नळावर परत पाठवलं. ते हात तुम्हाला मदत करून रंगलेत, हे मला ठाऊक होतं.

आज वाचनाच्या तासाला ती हात पाठीमागे बांधून बसली होती. शेजारची नूपुर तिच्यासाठी पानं उलटत होती आणि कुरकुरत होती, "लवकर वाच ना गं, मी काय तुझी नोकर आहे?" मी कौतुकाने म्हटलं, "बघा, दुर्वा किती शिस्तीत बसलीय!"

ती हळूच म्हणाली, "बाई, आता नाही ना घाण होणार पुस्तक?"

तुमची माफी मागायला मधल्या सुट्टीत हे लिहायला घेतलं. तिच्याजवळ द्यायचं, तर तिला हात पुढे कर म्हणावं लागलं असतं. शाळा सुटून ती गेली, तोवर मला ते म्हणवलं नाही; चिठ्ठी माझ्याकडेच राहिली.

तुमच्या मुलीची बाई,
सुनेत्रा