सोडायची राहिलेली चिंधी

आई, आज सकाळी तुझी नात शाळेच्या सहलीबरोबर लोणारला गेली. आता ती सरोवराकडे उतरत असेल, आणि मी मेहकरच्या घरात खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तुला लिहितो आहे. समोर संगणकाच्या पडद्यावर माझे काम उघडे आहे. पण ऊन हळूहळू टेबलावरून सरकते आहे आणि मी नुसता त्याच्याकडे पाहतो आहे. तू गेलीस तेव्हा ही पोर जन्मलीही नव्हती. तिला तुझेच नाव दिले आहे. माझे काम नेमके काय असते, हे तुला समजावून सांगायचे राहून गेले. तू शाळेत शिकवायचीस. एखादी गोष्ट पोरांना उमगली नाही, की हाताशी असेल ती वस्तू उचलून तिच्यावरून दाखवायचीस. मीही तसाच प्रयत्न करतो.

प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यासाठी डीबगर नावाचे एक साधन असते. चालता प्रोग्रॅम ते हवा तिथे थांबवते आणि आत डोकावू देते. त्याला सांगता येते, की या एका व्हेरिएबलवर, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या या एका किमतीवर, पहारा ठेव आणि ती बदलली की मला सांग. या पहाऱ्याला वॉचपॉइंट म्हणतात, आणि तो चोख आहे की नाही हे तपासणे ही माझी नोकरी. खरी मौज येते ती रिकर्सिव्ह फंक्शनमध्ये. असे फंक्शन आपले काम पुरे करण्यासाठी स्वतःलाच पुन्हा बोलावते, तेच काम थोडे लहान करून. ते पुन्हा त्याहून लहान कामासाठी स्वतःला बोलावते. आणि अगदी आतले उत्तर हाती आले, की एकेक फेरी आपले काम संपवत बाहेर येते. प्रत्येक फेरीत व्हेरिएबलचे नाव तेच, किंमत मात्र ज्या त्या फेरीची निराळी. पहारा यांतल्या नेमक्या एकावर हवा. त्याच नावाच्या बाकीच्यांकडे त्याने ढुंकूनही पाहायचे नाही.

हे मी नव्या मुलांना शिकवतो तेव्हा मला नेहमी आपले जानेफळचे स्वयंपाकघर दिसते. फळीवर तुझ्या लग्नातली पातेली आहेत, उपडी घालून एकात एक बसवलेली, आणि प्रत्येकाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले तुझे नाव. वरचे उचलावे तर आत पुन्हा तूच, त्याच्या आत आणखी लहान तू. सकाळच्या उन्हात ती चमकतात आणि मला वाटते, अगदी आतल्या पातेल्यात काहीतरी असणार.

गावात लग्न निघाले, की घराघरांतली भांडी विहारासमोरच्या मांडवात जात. आजोबांना मीठ वर्ज्य होते, म्हणून तुझ्या एका पातेल्यात त्यांचे अळणी वरण वेगळे शिजे. नाव तर सगळ्यांवर तेच. मग ओळख म्हणून तू त्या पातेल्याच्या कडीला लुगड्याची लाल चिंधी बांधायचीस आणि मला राखणीला बसवायचीस. एका लग्नानंतर ती चिंधी सोडायची राहिली. पुढच्या लग्नात मला कोणी काही सांगितले नव्हते, आजोबा तर त्या दिवशी घरीच होते; पण लाल चिंधी दिसली आणि मी त्या पातेल्यावर दोन्ही हात ठेवून बसलो. पंगत वरणासाठी खोळंबली. वाढपी आले, विनवून गेले. मामा म्हणाला, "काऊन बे, तहसीलदार झाला का तू?" आणि सगळी पंगत हसली. मी हललो नाही. मग तू आलीस, पदराने कपाळ पुसत.

"काऊन अडवून राह्यला रे बाबू?"

"चिंधी हाय ना त्याले."

तू रागावली नाहीस. चिंधीकडे पाहिलेस, गाठ सोडलीस आणि ती माझ्या मुठीत ठेवलीस. "ते मागच्या लग्नातलं होतं. काम झालं का चिंधी सोडा लागते. नाहीतर तुह्यासारखा शहाणा उगाच राखत बसते, अन् लोकं उपाशी."

गेल्या आठवड्यात आमच्या डीबगरच्या नव्या आवृत्तीत मला हीच चूक सापडली. मी एका आतल्या फेरीच्या व्हेरिएबलवर पहारा बसवला होता. त्याहून आतल्या फेऱ्यांत त्याच नावाच्या किमती बदलल्या, तो गप्प राहिला. आपली किंमत बदलताच अचूक बोलला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण फेरी संपली, की तिच्याबरोबर ते व्हेरिएबलही संपते. त्या क्षणी डीबगरने 'आता राखायला काही उरले नाही' असे सांगून पहारा उठवायला हवा. आमचा उठला नाही. मेमरीतली ती रिकामी जागा पुढे दुसऱ्याच फेरीला मिळाली, तिथे नवी किंमत लिहिली गेली, आणि पहारेकरी ओरडला की बदल झाला. बदल झाला होता हे खरेच. पण तो जिच्या नावाने कळवला गेला, ती फेरी कधीच संपून गेली होती.

त्याच दिवसांत पोरगी सहलीला जाऊ द्या म्हणून मागे लागली होती. मी नाही म्हणालो. उतार मोठा आहे, चढताना धाप लागते, तिला परवा खोकला होता. तिची आई म्हणाली की डॉक्टरांनी तपासले आहे, छाती स्वच्छ आहे. मी तरीही नाहीच म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे लोणारचा चढ होता. तू वर्गाला घेऊन गेली होतीस, मी बरोबर होतो. खाली हिरवे, निश्चल पाणी, जणू कोणी झोपेत डोळे अर्धे उघडले आहेत. चढताना तू एका दगडावर बसतेस, हात छातीवर, आणि पोरांना धाप कळू नये म्हणून त्यांना भोवतालच्या झाडांची नावे विचारत राहतेस. एकेक नाव येईपर्यंत तुला एकेक श्वास मिळतो. त्याच दम्याने पुढे तुला नेले. तेव्हापासून मी श्वास ऐकतो. आणि ही पोर जिना चढून आली, की हातातले काम थांबवून ऐकतो.

संध्याकाळी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. फार समजूतदारपणे, एखाद्या लहान मुलाला सांगावे तसे म्हणाली, "बाबा, दमा मले नाही. आजीले होता."

दुसऱ्या सकाळी मी डीबगरमधल्या त्या चुकीबद्दलचा अहवाल लिहायला घेतला. 'ज्याच्यासाठी पहारा होता ते संपले आहे. त्या जागी आता दुसरे कोणी आहे,' एवढे लिहिले आणि पुढचे वाक्य येईना. उठून स्वयंपाकघरात गेलो. पोरगी शाळेचा डबा भरत होती. म्हटले, जा लोणारला. तिने वळून पाहिले, पुन्हा डबा भरू लागली, आणि थोड्या वेळाने तिच्या खांद्यांवरून मला कळले की ती हसते आहे.

मध्ये लिहिणे थांबवले होते. ती आली. बुटांना लोणारची माती, केसांत कसले तरी गवताचे बी. बसमधून उतरून गल्लीभर धावत आली आणि जिना चढता चढताच सांगू लागली, की तिथे सगळी झाडे वाकून पाण्याकडे पाहतात, आणि वर येताना ती सगळ्यांच्या पुढे होती. तिचा श्वास जोरात चालला होता, जसा धावून आलेल्या कोणाचाही चालतो. तो तिचाच होता.

अहवालाबरोबरची दुरुस्ती मंजूर झाली आहे. आता फेरी संपली, की पहारा आपोआप उठतो. हे पत्र मी जानेफळहून इथे आणलेल्या तुझ्या त्या पातेल्यांत ठेवून देणार आहे, अगदी आतल्या पातेल्यात. तुला म्हणून एवढे सांगतो, आई: ती बोलत होती तेव्हा मी झाडांचे ऐकतच नव्हतो. दोन वाक्यांच्या मधले ऐकत होतो. गाठ सैल केली आहे. सोडलेली नाही.