ओरडायला बंदी

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, आई बरी आहे. फोन केला असता, पण तू उचललास तरी मी नुसती श्वास घेत बसणार आणि तू "अगं बोल की" म्हणून ठेवून देणार. मागच्या वेळी तसंच झालं. म्हणून कागद घेतला. आठवीत शाळा सुटल्यापासून एवढं लांब कधी लिहिलं नाही, चुका पोटात घाल.

आईची अजून रात्रपाळीच आहे. ती हॉस्पिटलच्या फरशा पुसून येते तेव्हा मी कँटीनची भांडी घासायला निघते, आमची गाठ दारात पडते. मी म्हणते, "झाकून ठेवलंय." ती म्हणते, "हं." दिवसभराचं बोलणं तेवढंच. तुझी गादी गुंडाळून कोपऱ्यात आहे. आई म्हणते, "दोन्ही एकावर एक घाल की, पाठीला बरं." मी घालत नाही. तुझ्या कारखान्यात म्हणे शिलाई मशीनचा एवढा आवाज असतो की कोणी कोणाशी बोलतच नाही. तुला बरं वाटत असेल.

आता खरी बातमी. आपला कणसांचा गाडा परत लागणार आहे. नाक्यावर नाही, तलावाजवळच्या मोठ्या बागेत. तिथे गाडा लावायचा तर परवाना लागतो आणि परवान्याला अठरा पूर्ण लागतात. मला झाली, गेल्या महिन्यात. तुझ्या लक्षात नसेल, असू दे. दुसऱ्याच दिवशी मी कँटीनमधून सुट्टी काढून बागेच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंना मी तीनदा सांगितलं तरी त्यांना ऐकू जाईना. म्हणाल्या, "अगं पोरी, खिडकीत बोल, पोटात नको." शेवटी माझ्या मागचे फुगेवाले काका ओरडले, "कणसाचा गाडा म्हणतेय ती!" मग मी त्यांच्याकडे बघून पुटपुटायचे आणि ते खिडकीत ओरडायचे. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

बाईंनी नियम वाचून दाखवले. कोळसा नाही, धूर नाही, म्हणजे कणसं भाजायची नाहीत, उकडायची. पाण्याला झाकण, कचऱ्याला डबा, संध्याकाळी गाडा बाहेर. आणि ओरडून गिऱ्हाईक बोलवायचं नाही, लोक शांत बसायला येतात. काका भडकलेच. "मग काय फुग्यांनी स्वतः सांगायचं, आम्हाला घ्या म्हणून?" रांगेत सगळ्यांची तोंडं उतरली. मी मात्र बाईंना ते परत वाचायला लावलं. त्यांना वाटलं मला कळलं नाही.

मला नाक्यावरचा तो दिवस आठवला. तू सकाळपासून ओरडत होतीस, गरम गरम, गोड गोड, आणि मी खाली मान घालून भाजत होते. दुपारपर्यंत तुझा घसा बसला. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्यास आणि म्हणालीस, "माझा घसा म्हणजे काय भोंगा आहे? आज तू ओरड." मी तोंड उघडलं. तुला आठवतं ना, काय निघालं ते? आधी तू हसलीस. मला परत एकदा ओरडायला सांगितलंस. मग हसायची थांबलीस. माणसं समोरून जात राहिली आणि कणसं गार झाली. तू म्हणालीस, "जन्मभर मीच ओरडू का?" पुढच्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. त्यानंतर मी एकटीने गाडा लावून बघितला, पण ज्यूसवाल्याने त्याची गाडी बरोबर माझ्यापुढे उभी केली आणि त्याला बाजूला हो म्हणणार कोण? मग कँटीन धरलं. भांड्यांशी बोलावं लागत नाही.

परवान्याला डॉक्टरचा दाखलाही लागतो. त्यांनी नखं बघितली, छाती तपासली आणि म्हणाले, "आ कर." तिथेही आवाजच. पण दिला दाखला. जागाही दाखवलीय, घसरगुंडीच्या मागे, नळाजवळ. सावली चांगली आहे. कँटीन सुटलं की मी जाऊन तिथे नुसती उभी राहते, गाडा नसताना. तू उजवीकडे, मी पातेल्याशी, असं ठरवते. फार वेळ उभी राहिले की लोक बघतात, मग चपलेचा पट्टा नीट करत बसते. झाडांना पाणी घालणारी एक मावशी आहे, तिने एकदा विचारलं, "काय गं, कोणाची वाट बघतेस?" मी म्हटलं गाडा लावणार आहे. ती झारी खाली ठेवून म्हणाली, "मग लाव लवकर, मला दात आहेत तोवर." परवा एका बारक्या पोराने विचारलं, "इथे काय मिळणार?" मी म्हटलं, "कणीस." त्याला ऐकू गेलं, ताई. शांतच असतं ना तिथे.

आता जे सांगायला पत्र लिहितेय ते सांगते. बागेत गाड्याला दोन माणसं लागतात. उकळतं पातेलं आणि आजूबाजूला पोरं, एकजण बाथरूमला गेलं तरी दुसरं तिथे हवंच. बाईंनी विचारलं, "तुझ्यासोबत कोण?" कोणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मी पुटपुटले असते तर काकांनी ते सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं असतं. माझ्या तोंडून "ताई" निघालं. आणि गंमत बघ, ते बाईंना एका फटक्यात ऐकू गेलं. त्यांनी लिहूनही टाकलं. तुझा फोटो मागितला तेव्हा माझ्याकडे आपल्या दोघींचाच होता, मी त्यातून मला कापून काढलं. येत्या गुरुवारी सकाळी तपासणीवाले साहेब गाडा बघायला येणार आहेत, तेव्हा दोघी समोर लागतात. नाहीतर जागा दुसऱ्याला. मावशी म्हणाली, "बुधवारपर्यंत नाव बदलता येतं. माझं घाल, मी काय, इथेच असते." चांगली आहे गं ती. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. बुधवारी खिडकी बंद होईपर्यंत म्हणणार नाही, मग तुझंच नाव राहील. आलीस तर तुला काहीच ओरडावं लागणार नाही, म्हणून तर मी बाग निवडली. आणि साहेब गेल्यावर तुला परत जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. फाटकातून आत आलीस की सरळ घसरगुंडीकडे चालत ये. मला तिथून हाक मारता येणार नाही, बंदी आहे. तूच शोध मला.

तुझीच,
पुटपुटी