मंदाबाईची खोटी शुगर

पारनेर, मंगळवार संध्याकाळ

तालुक्याच्या दवाखान्यात आता एचआयव्हीच्या गोळ्या शुगर-बीपीच्या खिडकीवरच मिळतात. रांग एकच, त्यामुळे कोण कशासाठी उभं आहे ते कळत नाही. बातमीला एवढं पुरेसं होतं. पण नाव छापणार नाही असं कबूल केल्यावर मंदाबाई (हे नाव फक्त या डायरीपुरतं) बोलायला लागली, आणि आता बातमी बाजूलाच राहिली आहे.

पूर्वी ती गोळ्यांसाठी नगरला जायची, गावात लेकीकडे जाते म्हणून सांगून. इथे पहिल्याच खेपेला मागे शेजारीण उभी, कौसाबाई.

"अगं बया, तुला बी शुगर हाय?"

"व्हय." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून कौसाबाई रोज सकाळी कारल्याचा रस घेऊन दारात हजर. वर दटावणी, "च्यात साखर टाकली तर बघ!" मंदाबाई मुकाट्याने पिते. न झालेल्या रोगाचं इतकं कडक पथ्य, झालेल्यांनीही पाळलेलं मी पाहिलं नाही. तिक्तरसाचे, म्हणजे कडू चवीचे, गुण मीही लहानपणी संस्कृत पाठशाळेत घोकले होते. कारल्याचा रस मात्र कधी प्यायलो नाही.

मी म्हटलं, "खरं सांगून टाका की. निदान कारलं तरी सुटेल."

"मालक गेल्यापास्नं माज्या दारात कोनी येत न्हवतं, भाऊ. आता ही येती, घटकाभर बसती. सांगितलं आन् न्हाई आली तर?"

आणि सांगूनही आली तर? हे अगदी ओठांवर आलं होतं. पण पैज लावायची मी आणि हरायची तिने, हे काही बरं नव्हे.