हातात धरायच्या आभासी जगाबद्दल, खरं ते

मु. पो. मुरूम, ता. उमरगा
१८ मे

तीर्थस्वरूप मल्लेशमामा यांना शिवरंजनीचे शरणु शरणार्थी.

इकडे सगळे बरे आहेत. (बरे म्हणजे अज्जांचा उजवा गुडघा आणि शेजारच्या शिवगंगाकाकूंच्या पायाचा अंगठा सोडून. गुडघा जुनाच आहे. अंगठ्याचं पुढे येईल.) तुमची पाठ कशी आहे? गोदामात खोकी उचलताना कमरेचा पट्टा बांधता ना? मामींना नमस्कार सांगा. पण हे पत्र आल्याचं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमचा बेत त्यांना माहीत आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून मी पत्र घरी न पाठवता गोदामाच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकीट डिंकाने चिकटवून वर टाचण्याही मारल्या आहेत. उघडताना बोट जपा.

तुम्ही लिहिलं होतं की एक जूनला तुम्ही बारा वर्षांची पक्की नोकरी सोडणार, हे हातात धरायचे गेम दहा घेणार, आणि नळदुर्ग, तुळजापूर, येरमाळा इथल्या जत्रांमधून लोकांना आभासी जग दाखवायचा स्टॉल लावणार. त्याआधी एक संच मी घरच्या माणसांवर वापरून पाहावा आणि खरं ते लेखी कळवावं. लेखी का, तेही तुम्ही बरोबर ओळखलंत. फोनवर मी सगळ्याला ‘चालेल मामा’ म्हणते, आणि आपला फोन आई स्पीकरवर टाकते. तर गेले बारा दिवस मी रोज नोंदी केल्या आहेत. शाळेत मी पाचवीपासून गेले. त्याआधीचं सगळं अज्जांनी पाटीवर शिकवलं, आणि त्यांचा नियम तुम्हाला माहीत आहे, की जे पाहिलं ते लिहायचं, जे पाहावंसं वाटलं ते नाही. त्यामुळे खालचं काही तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडलेलं नाही.

पार्सल नीट मिळालं. पुठ्ठ्याचे तुकडे घड्या घालून जोडायला मला साडेतीन तास लागले. (पुस्तिकेत दोन लिहिले आहेत. मी प्रत्येक घडी दोनदा तपासली.) पुठ्ठ्याचा तो खोका तयार झाला की त्यात पुढून गेमचं यंत्र सरकवायचं, आणि मागच्या दोन भिंगांतून आत बघायचं. डोक्याला बांधायला पट्टा नाही. दोन्ही हातांनी खोका डोळ्यांशी धरून ठेवायचा. तुम्ही वजन नगण्य लिहिलं होतं. पहिलं मिनिट ते नगण्यच असतं. तिसऱ्या मिनिटाला कोपर दुखायला लागतात, आणि चौथ्याला माणूस आभासी जगात काय चाललंय ते सोडून स्वतःच्या खांद्यांचा विचार करतो. मी पाच मिनिटं धरलं, सातव्या मिनिटाला मळमळलं. (मधली दोन मिनिटं खोका खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला होता, हे सांगायला हवं.)

आईला सगळ्यात आधी समुद्राच्या तळाचा देखावा लावून दिला. स्टॉलचं तिला अर्थातच काही सांगितलेलं नाही. मामांनी मला वापरून पाहायला पाठवलंय एवढंच म्हटलं. तिने खोका डोळ्यांना लावला आणि ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, रमली. मग तिचा चेहरा लाल झाला, मग जांभळा व्हायला लागला, तेव्हा लक्षात आलं की पाण्यात गेल्यावर तिने श्वास रोखून धरला होता. खोका काढून घेतला तर धापा टाकत माझ्यावरच ओरडली, “किती येळ धरू गं? वर येतच न्हाय की ते!” शिवाय तिने एका हाताने पदर गच्च आवळून घेतला होता, मासे अंगाला लागू नयेत म्हणून. नंतर तिने अंघोळ केली. मी नोंदीत ‘परिणाम: अतिशय खरा वाटतो’ असं लिहिलं. हे यंत्राच्या बाजूचं आहे, म्हणून आधी सांगितलं.

आता एक चूक कबूल करायची आहे. पहिल्या चार दिवसांच्या माझ्या नोंदीत प्रत्येकापुढे ‘चित्र धूसर’ असं लिहिलेलं आहे. त्यावर मी यंत्राचा पडदा किती निकृष्ट आहे असं अडीच पानं लिहिलंही होतं, आणि ते अन्यायाचं निघालं. झालं असं, की पट्टा नाही तर शिवून घेऊ म्हणून मी खोका गल्लीतल्या मुजीबचाचांकडे नेला. (तेच, तुमच्या लग्नाचा कोट शिवणारे.) त्यांनी माप घेण्याआधी सवयीने भिंगं कुर्त्याच्या टोकाने पुसली आणि आत बघून म्हणाले, “साफ तो दिखरा बेटा. तुमच्या घरात समद्यांनाच मोतीबिंदू झालाय का?” मग कुर्त्याचं टोक दाखवलं. त्यावर पांढरी राख. आमच्याकडे प्रत्येक जण अंघोळ, पूजा करून कपाळाला विभूती लावून खोक्यात कपाळ घालत होता, आणि ती घामाने ओघळून भिंगांवर बसत होती. अज्जांनी तर पहिल्या दिवशी आतलं डोंगराळ बेट बघून “धुकं लई सुंदर दाखवलंय” म्हणून कौतुकही केलं होतं. बेटावर धुकं नाही, मामा. ते आपलंच होतं. जत्रेत निम्म्या लोकांची कपाळं भंडाऱ्याने माखलेली असतील, तर जग पिवळं दिसेल, हे लक्षात असू द्या. मी कपाळ पुसून या असं कुणाला सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकाल का?

पुसल्यानंतर पडद्याबद्दल जे खरं उरतं ते एवढंच: एकाच छोट्या पडद्याचे दोन भाग करून एकेका डोळ्याला अर्धा भाग मिळतो, आणि तोही भिंगाने मोठा केलेला. त्यामुळे सगळं मच्छरदाणीतून पाहिल्यासारखं दिसतं. लांबचं झाड आणि लांबचा माणूस ओळखू येत नाही. शिवाय आमच्याकडे सध्या जे ऊन आहे त्यात दुपारी बारानंतर यंत्र तापतं, पडद्यावर सूचना येते आणि ते आपणहून बंद पडतं. जत्रेच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होईल ते मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

आता अंगठ्याचं. मुजीबचाचांनी पट्टा फार सुबक शिवला. हात मोकळे झाले आणि मला वाटलं, तुमचा स्टॉल उभा राहिला. मोकळी जागा हवी म्हणून सकाळी गच्चीवर गेलो. गच्चीच्या अर्ध्या भागात आईच्या कुरडया वाळत होत्या, म्हणून मी मध्ये खडूने जाड रेघ मारली आणि शिवगंगाकाकूंना बजावलं की रेघेपलीकडे जायचं नाही. (डोळ्यांवर खोका असताना खडूची रेघ दिसत नाही, हे मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. मी त्या दिवशी भलत्याच गोष्टींची काळजी करत होते, उदाहरणार्थ यंत्राला वाऱ्याने धूळ लागेल का.) काकूंनी मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, मासे पाहून हसल्या. मग एक मोठा मासा तोंड उघडून समोरून आला. जन्मात ज्या बाईच्या घरात अंडं आलं नाही तिच्या तोंडाकडे मासा येतोय म्हटल्यावर काय होणार? “अगं यव्वा, तोंडात शिरतंय की!” म्हणून काकूंनी तोंडावर हात दाबला आणि पळत सुटल्या. खोका हाताने धरलेला असता तर तो सुटून पडला असता आणि त्या थांबल्या असत्या. पट्ट्यामुळे मासा त्यांच्याबरोबर पळत होता. त्या कुरडयांच्या दोन लुगड्यांवरून आडव्या गेल्या आणि पाण्याच्या टाकीला ठेचाळून बसल्या. आई जिन्यातून वर आली, तुडवलेल्या कुरडया बघितल्या आणि काकूंना म्हणाली, “शिवगंगे, दोन दिस चीक घोटलाय म्या. तू कुणाच्या लग्नाला पळाली होतीस?” काकू अजून पट्ट्यातच होत्या. म्हणाल्या, “आधी ह्यो मासा काढ, मग भांड.”

त्या संध्याकाळी मी पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. पट्टा मुद्दामच दिलेला नाही. हाताने धरलं की माणूस दमतो, दमला की थांबतो, आणि घाबरला की सोडून देतो. मी ज्याला उणीव म्हणत होते ती खबरदारी होती. पट्टा उसवून मुजीबचाचांना परत दिला. त्यांना वाईट वाटलं, पण मी कारण सांगितल्यावर हसले आणि काकूंसाठी मलम दिलं.

अज्जांचं मी शेवटी ठेवलं, कारण तिथेच माझी पंचाईत झाली. आम्ही कुणीच पाच मिनिटांवर टिकलो नाही. अज्जा सकाळची पूजा आटोपून पाटावरच बसले होते. त्यांनी खोका डाव्या तळहातावर घेतला, उजव्या हाताचा आधार दिला, पाठ ताठ केली आणि बसले. वीस मिनिटं. हात हलला नाही, मान थरथरली नाही. मग लक्षात आलं, सत्तर वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तळहातावर इष्टलिंग ठेवून डोळ्यांसमोर धरलेल्या माणसाला हे वजन काय? मी विचारलं, “अज्जा, हात दुखला न्हाय?” तर म्हणाले, “धरायचं म्हटल्यावर धरायचं. दुखायचं काय त्यात?”

त्यांचा अभिप्राय जसाच्या तसा लिहिते. “मान वळवली की दिसतंय. वर आभाळ हाय, खाली पाणी हाय. पण फुडं सरकलो तर आख्खं जग माझ्यासंगंच फुडं सरकतंय. कशाच्या जवळ म्हणून जाता येत न्हाय.” मग म्हणाले, “आणि बेटावरचं पाखरू उडवायला मी बटन का दाबायचं? पाखरू माझ्यासाठी हाय का मी पाखरासाठी?” मामा, पुस्तिकेत आठ पानांत जे दिलंय ते एवढंच आहे. हे यंत्र मान ओळखतं, पाय ओळखत नाही. लोक जत्रेला पाऊल टाकायला येतात. चार पावलं टाकून ज्याच्याजवळ जाता येत नाही ते बघायला ते एकदा येतील, हसतील, आणि दुसऱ्यांदा पाळण्यात बसतील. आणि ज्यांना वीस मिनिटं धरता येतं ते सगळे पंच्याहत्तरच्या पुढचे, दोन वेळा पूजा करणारे आहेत. असे मुरूममध्ये मी नऊ मोजले. त्यांतले दोघं जत्रेला जात नाहीत.

दुसरी बाजूही लिहायला हवी. आई सगळ्यांना सांगते की मल्ल्याने बिनकामाचं खेळणं पाठवलंय. पण रोज चार वाजता हात धुऊन, कपाळ पुसून बसते, पाच मिनिटं समुद्र बघते आणि चहा ठेवायला जाते. आता श्वास रोखत नाही. तिने खरा समुद्र पाहिलेला नाही. घरात एक असावा असं हे यंत्र आहे. दहा घेऊन, नोकरी सोडून, उन्हात दुकान मांडावं असं नाही. माझं मत विचारलंत म्हणून सांगते: राजीनामा देऊ नका.

तुमची भाची,
शिवरंजनी

ता. क. – माझा या प्रकरणात स्वार्थ आहे, तो न सांगता मत देणं बरोबर नाही. स्टॉलची व्यवस्था मी बघायची असं तुम्ही लिहिल्यापासून मी घरात बसून असलेली मुलगी नाही असं मला वाटायला लागलं होतं. आरशासमोर ‘पुढचे या, चपला बाहेर’ असं म्हणूनही पाहिलं. स्वार्थापोटी कौतुक जास्त होईल या भीतीने दोष थोडे जास्त लिहिले गेले असतील. किती जास्त, ते मला सांगता येत नाही.

ता. क. दुसरा – काल आईने सरळ विचारलं, “मल्ल्या नोकरी सोडतोय का गं?” मी नाही म्हटलं. आजच्या तारखेला ते खरं आहे. एक जूनला ते खोटं होईल. मी आईशी आजवर खोटं बोललेले नाही, तेव्हा माझ्याकडेही बघा.

ता. क. तिसरा – पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. राजीनामा आधीच देऊन बसला असाल, तर हे पत्र वाटेत गहाळ झालं असं समजा. यंत्र उत्तम आहे. पहिली जत्रा कुठली आणि मी किती वाजता हजर व्हायचं, तेवढं कळवा. आईला मी सांगेन.